खालची फट

चौदा एप्रिलला छत्तीसगढातल्या पोलाद प्लांटजवळच्या कॅम्प-दोन या मराठी वस्तीची बाहेरगावी गेलेली सगळी पोरं घरी येतात. दिवाळीला नाही आले तर चालतं, बहिणीच्या साखरपुड्याला सुटी मिळाली नाही असंही सांगता येतं, पण जयंतीला चेहरा दिसला नाही तर वस्ती वर्षभर नावं ठेवते. त्यामुळे विहारासमोर मिरवणूक तर असतेच, पण ढोलाच्या आवाजात, खिरीचा द्रोण हातात धरून, दुसरंही एक काम चालू असतं. कोणत्या साइटवर माणसं लागतात, कोणाचा पोरगा रिकामा बसलाय, कोण पितो आणि कोण पीत नाही, याची सगळी चौकशी तिथंच होते. छापून आलेल्या नोकरीवर या वस्तीचा कधी विश्वास बसला नाही. आपल्या माणसानं सांगितली तीच खरी नोकरी.

त्या वर्षी गुजरातेतून आनंदराव आले होते. समुद्राकाठच्या एका मोठ्या पाइपलाइनच्या साइटवर ते सुपरवायझर होते आणि वस्तीतली आठ-दहा पोरं त्यांनीच तिकडं लावली होती. लोक त्यांना खुर्ची द्यायचे. त्यांनी खुर्ची ओढून देवाजींच्या शेजारी घेतली तेव्हाच देवाजींना कळलं, की गोष्ट पोराची आहे.

"देवाजीभाऊ, नरेशले पाठवता का आमच्याकडं? दोन वर्षांचं काम आहे. आर्गॉन वेल्डिंगचा असा हात मले तिकडं दिसून नाही राहिला."

देवाजी प्लांटमधून रिगर म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर साखळीला जड लोखंड बांधून वर चढवलं, त्यामुळे मान कायमची थोडी वर उचललेली. ते लगेच म्हणाले, "न्या ना जी. हथखोजच्या त्या शेडमधी सडून राहिला पोट्टा."

"पण एक आहे. आमची कंपनी एकटा वेल्डर घेत नाही. जोडी घेते. त्याच्यासंगं त्याचा फिटर पाहिजे. टेस्ट दोघाची एक, पास तर दोघंही, फेल तर दोघंही."

"आहे ना फिटर. दयाराम आहे."

नरेश मागंच उभा होता. बत्तीस वर्षांचा, अंगानं किरकोळ, भुवया ठिणग्यांनी विरळ झालेल्या. त्याला कोणी विचारलं नव्हतं. पण बाबांनी 'न्या' म्हटल्यावर त्याला आनंदच झाला. हथखोजला तो नऊ वर्षं होता. चांगल्या ऑर्डरी होत्या तेव्हा त्याच्या हातचे सांधे एक्स-रेला जायचे आणि डाग न लागता परत यायचे. आता मार्चपासून सेठ आठवड्यात तीनच दिवस बोलवत होता, आणि त्या तीन दिवसांतही निम्मा वेळ पाण्याच्या टाक्यांची गळती बंद करण्यात जायचा. त्याला गुजरातेला जायचं होतं. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवलेली बरी, कारण पुढं ती त्याच्या तोंडून कोणाला ऐकायला मिळाली नाही.

पाइपच्या कामात वेल्डर एकटा काहीच नसतो. दोन पाइपांची तोंडं समोरासमोर आणायची, मध्ये तीन मिलिमीटरची फट सगळीकडून सारखी ठेवायची, हे फिटरचं काम. मग वेल्डर चार जागी टाके मारतो. टाके गार होताना लोखंड ओढतं आणि फट कुठंतरी आवळते. म्हणून फिटरनं पुन्हा एकदा फटीत तेवढ्याच जाडीची तार घालून वर, खाली, डावीउजवीकडं बघायचं आणि आवळली असेल तिथं कटर फिरवायचा. फट बारीक राहिली तर वरून सांधा कितीही देखणा दिसो, लोखंड आतपर्यंत पोचत नाही, आणि एक्स-रेत काळी रेघ उमटल्याशिवाय राहत नाही.

दयारामची तार चुकायची नाही. आणि कधी चुकलीच तर नरेश हातातल्या रॉडनं पाइपावर दोनदा ठोकायचा. टक टक. दयाराम काही न बोलता कटर उचलायचा. नऊ वर्षं त्यांचं कामावरचं बोलणं एवढंच होतं. बाकीचं बोलणं डब्याच्या वेळी. दयाराम रसमड्याच्या पलीकडच्या खेड्यातला, छत्तीसगढी. नरेशच्या संगतीनं त्याला मराठी सगळं समजायचं, बोलायचा मात्र आपली हिंदी. नरेशच्या घरी आला की मायच्या, म्हणजे रुक्माबाईंच्या, हातची झुणका-भाकर मागून खायचा.

नरेशनं त्याला गुजरातचं सांगितलं तेव्हा तो सायकलची चेन बसवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तू जा रहा है?"

"तू येशील तर."

"तो चल," दयाराम म्हणाला आणि चेन बसवून हात पुसले. एवढंच.

घरी मात्र एवढ्यावर भागलं नाही. रुक्माबाई काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बोलल्या नाहीत. त्यांनी आंब्याचं लोणचं महिनाभर आधीच घालायला घेतलं, आणि दोन बरण्या भरून त्यांना फडकी बांधली. दुपारी पाटावर बसून कैऱ्या फोडताना त्यांचा अडकित्ता मध्येच थांबायचा.

"कावून रडून राहिली?" देवाजी विचारायचे.

"मी कुठं रडून राहिली? तिखट उडालं."

"तिखट अजून घातलंच नाही तू."

"जाते तर जाऊ द्या त्याले. मी काही म्हटलं का? एक पोरगी नागपूरले दिली, एक पोट्टा हाये तो गुजरातले. आपण दोघं भिंतीकडं पाहत बसू."

"मी एकोणीस वर्षांचा असतानी मामाचं एक पोस्टकार्ड आलं, अन् भंडाऱ्याहून निघालो. माझ्या मायनं लोणचं बी नाही देल्लं."

"म्हणून तर तुमी असे आहा," रुक्माबाई म्हणाल्या.

नरेश बाहेर मोटरसायकल पुसत ऐकत होता. त्याला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मायला सोडून जाणं सोपं नव्हतं. पण सोडून जायचं त्यानं ठरवलं होतं.

टेस्टच्या आधीच्या रविवारी तो दयारामच्या गावी गेला. टेस्टसाठी त्याचे कागद घ्यायचे होते. दयाराम तळ्यावर म्हशी घेऊन गेलेला. त्याची बायको अमरौतीन पडवीत कोदो पाखडत होती. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस राहिले होते. तिनं खाट टाकली, पितळी लोट्यात पाणी दिलं आणि सूप हातात धरूनच बोलायला लागली.

"भैया, सुना है गुजरात जा रहे हो दोनों."

"हो. टेस्ट पास झाली तर."

"छठवाँ लगा है मेरे को. तुम तो जानते हो, ये तुमको कभी ना नहीं बोलते. अब तुम ही देखना."

ती एवढंच बोलली आणि पुन्हा पाखडायला लागली. नरेशनं पाणी पिऊन लोटा खाली ठेवला. 'तुम ही देखना' म्हणजे काय देखना, हे त्यानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या पोटुशा बायकोला काय विचारणार? 'ये तुमको कभी ना नहीं बोलते' हे मात्र त्याच्या मनात रुतून बसलं. येताना वाटभर तो त्याचाच विचार करत होता. खरंच, दयारामनं नऊ वर्षांत त्याला कशाला नाही म्हटलं होतं? ओव्हरटाइमला नाही म्हटलं नव्हतं. सेठशी भांडून पंधरा दिवस घरी बसायला नाही म्हटलं नव्हतं. चेन बसवता बसवता 'तो चल' म्हणाला, त्यात त्याचं मन किती आणि नरेशची मर्जी किती, हे कोण सांगणार.

टेस्ट मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, रसमड्याच्या एका शेडमध्ये होती. पारा चव्वेचाळीसवर. पत्र्याखाली तो किती असेल ते पत्र्यालाच ठाऊक. शेडबाहेर पंधरा-वीस जोड्या सावली धरून बसल्या होत्या, डोक्याला गमछे, खिशात उन्हाची लू लागू नये म्हणून कांदे. नरेश-दयारामचा नंबर लागला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. दयाराम सकाळी रात्रपाळीवरून परस्पर आला होता. सेठनं नेमकी त्याच रात्री गरज काढली. त्यानं दिवसभरात काही खाल्लं नव्हतं. डोळे लाल होते.

"बरं हाये ना तुले?" नरेशनं विचारलं.

"ठीक हूँ."

टेस्टचा पाइप तिरपा बांधलेला असतो. वेल्डरला त्याच्याभोवती उभं राहून, गुडघ्यावर, आणि शेवटी जमिनीवर पाठ टेकून काम करावं लागतं. दयारामनं पाइप जुळवला, तार घालून फट धरली. नरेशनं चार टाके मारले. टाके गार व्हायला दोघं थांबले. परीक्षक म्हणून आलेला तरुण इंजिनीयर पंख्यासमोरून उठून आला.

दयारामनं तार घेतली. वर घातली, डावीकडं घातली, उजवीकडं घातली. मग गुडघ्यावर हात टेकून थोडा वेळ तसाच वाकून राहिला. आणि उठला. तार टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकला.

खालची बाजू त्यानं बघितली नव्हती.

नरेशला वाटलं, विसरला. तो स्वतः खाली झुकला, बॅटरी लावून बघितलं. फट आवळली होती. दीड मिलिमीटरही नसेल. त्यानं मान वळवून दयारामकडं पाहिलं. दयाराम जमिनीकडं पाहत होता. नेहमी तो पाइपाकडं पाहायचा. टाक्यांनंतर, सांधा पुरा होईपर्यंत, त्याची नजर पाइपावरून हलायची नाही. आज तो जमिनीकडं पाहत होता.

"शुरू करें?" इंजिनीयर म्हणाला.

नरेशच्या हातात रॉड होता. पाइपावर दोनदा ठोकायचं, एवढंच काम. त्यानं हात उचललाही. पण त्याच क्षणी त्याला पडवीतली अमरौतीन दिसली, तिचं ते 'कभी ना नहीं बोलते' ऐकू आलं, आणि सगळं स्वच्छ कळल्यासारखं झालं. याला यायचं नाही. तोंडानं नाही म्हणता येत नाही, म्हणून हातानं 'नाही' सांगून राहिलाय. आता आपण ठोकलं, तर तो कटर उचलेल, फट उघडेल, पास होईल आणि बायकोला तशी सोडून आपल्यामागं गुजरातेला येईल. कारण तो आपल्याला नाही म्हणत नाही.

"ठीक आहे बावा," नरेश मनात म्हणाला. त्यानं मास्क खाली ओढला.

सांधा त्यानं मनापासून जोडला. खालच्या बाजूला जमिनीवर पाठ टेकली तेव्हा फरशीचा चटका शर्टातून आत आला, कानाजवळ ठिणगी पडली, ती झटकली नाही. वितळलेलं लोखंड बारीक फटीत आत जाईना, वरच्या वर पसरत राहिलं, हे त्याला दिसत होतं. तरी हाताची चाल त्यानं बदलली नाही. खरं सांगायचं तर त्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. मित्रासाठी आपण काहीतरी मोठं करतोय, असं काहीतरी. माणूस अशा वेळी किती मूर्ख असतो, ते त्याचं त्याला कळत नाही.

तो उठून पाहतो तर दयाराम जागेवर नव्हता. शेडमागं जाऊन ओकत होता. नरेशनं त्याच्या पाठीवर हात फिरवला, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं.

"हो गया?" दयारामनं विचारलं.

"झालं."

दयारामनं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं. काहीतरी विचारायचं असावं तसं. मग गमछ्यानं तोंड पुसलं.

तिसऱ्या दिवशी आनंदरावांचा फोन आला. देवाजींना कानाला लावून नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. त्यामुळे ते सगळ्या घरानं ऐकलं.

"खाली, सहा वाजताच्या जागी, दोन इंच काहीच नाही गेलं आत. नवा पोट्टा बी असं नाही करत, देवाजीभाऊ. मी साहेबाले सांगितलं होतं, माझ्या घरचा वेल्डर येऊन राहिला म्हणून. आता माझ्या शब्दाले काय राहिलं?"

"चुकलं असंल जी," देवाजी म्हणाले.

"चुकलंच ना. जय भीम."

देवाजींनी फोन खाटेवर ठेवला. पोराला काही बोलले नाहीत. बोलले असते तर नरेशनं कदाचित सांगितलं असतं. ते उठले, चपला घातल्या, आणि विहाराच्या कट्ट्याकडं जाण्याऐवजी मान खाली घालून दुसऱ्याच वाटेनं फिरायला गेले. पुढं पंधरा-वीस दिवस ते त्या कट्ट्यावर बसले नाहीत. देवाजीचा पोरगा टेस्टमध्ये फेल झाला, ही बातमी कॅम्पात पसरायला संध्याकाळही लागली नव्हती.

रुक्माबाईंनी लोणच्याच्या बरण्यांची फडकी सोडली आणि त्या रात्रीच्या जेवणात लोणचं वाढलं. त्यांचा चेहरा पडलेला होता, पण भाकरी थापताना हात हलके झाले होते. नरेशनं ते पाहिलं.

पुढचे महिने वाईट गेले. पावसाळ्यात हथखोजचं काम दोन दिवसांवर आलं. उरलेले दिवस नरेश सुपेल्याला एका ग्रिलवाल्याकडं जायला लागला. खिडकीचे गज, कुलरचे स्टँड, सायकलचे कॅरिअर. ज्या हातानं रिफायनरीचे पाइप जोडले त्या हातानं कुलरचा स्टँड जोडायचा, आणि बाई म्हणायची, "भैया, ये तो डोल रहा है, ठीक से करो ना." तो म्हणायचा, "जी," आणि पायाखाली पत्र्याचा तुकडा लावून द्यायचा. एकदा शेजारचा एक पोरगा आईला सांगत होता, हे ते काका, गुजरातवाल्यांनी परत पाठवलेले. नरेशनं मास्क ओढून घेतला. मास्कचा तो एक फायदा असतो.

दयाराम आणि तो अजूनही दोन दिवस हथखोजला बरोबर असायचे. आता दयाराम प्रत्येक सांध्याची खालची बाजू दोनदा बघायचा. तार घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. नरेशला वाटायचं, याला मनातून खातंय. त्याला दयारामची दया यायची, आणि कधी कधी, ग्रिलवाल्याकडून आल्यावर, रागही यायचा. एकदा बोलून टाकावं असं वाटायचं. पण बोलायचं काय? तू मुद्दाम केलंस आणि मी तुला करू दिलं? असं बोलल्यावर दोन माणसं एका पाइपाच्या दोन बाजूंना पुन्हा उभी राहू शकत नाहीत. ऑगस्टात दयारामला मुलगी झाली. नरेश सहाव्या दिवशीच्या छठीला गेला, पोरगी मांडीवर घेतली, आणि आपण केलं ते बरोबरच केलं असं स्वतःला समजावलं.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी दयाराम घरी आला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. रुक्माबाईंनी आतूनच विचारलं, "झुणका करू का रे?" आणि उत्तराची वाट न बघता पीठ काढलं. देवाजी बाहेर नळावर पाय धूत होते. दोघं पुढच्या खोलीत बसले.

"मेरा साला है ना, गुड्डू," दयाराम म्हणाला. "उधर पारादीप बंदर पे वेल्डर है. उसका फिटर गाँव चला गया. मेरे को बुला रहा है. मैं सोचा पहले तेरे को बताऊँ."

नरेशला आधी पडवीतली अमरौतीनच आठवली.

"अन् अमरौतीन? लेकरू?"

"साथ में ले जाऊँगा. क्वार्टर है. वो तो अप्रैल से तैयार बैठी है, उसको बाहर जाने का कितना मन था. गुजरात का सुनके पेटी निकाल ली थी. मेरे को बोली, मैं भैया को बोल दी हूँ, जचकी के टाइम छुट्टी का तुम ही देखना."

स्वयंपाकघरात फोडणी पडली. खोलीत कांद्याचा वास आला. नरेशनं विचारलं, आणि त्याचा आवाज त्यालाच दुसऱ्या कोणाचा वाटला, "मग त्या दिवशी... टेस्टमधी..."

"लू लगी थी मेरे को," दयाराम म्हणाला. सहा महिने हे बोलायचं राहिलं होतं असं ते भडाभडा बाहेर आलं. "रातभर ड्यूटी, खाली पेट. तीन तरफ तार घुमाया, नीचे झुका तो आँख के सामने अंधेरा. लगा यहीं गिर जाऊँगा. भूल गया नीचे का. बाद में याद आया तो सोचा, कोई बात नहीं, नरेश है. वो ठोकेगा. नौ साल में तू बिना देखे कभी चालू किया है? मैंने देखा, तूने बैटरी लगाई, तूने देखा. और फिर तूने मास्क गिरा लिया."

आत तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला.

"तब मैं समझ गया," दयाराम म्हणाला. "तेरे को जाना ही नहीं है. काकी को छोड़ के मन नहीं हो रहा, और बाबूजी के सामने बोल नहीं सकता. तो मैं भी चुप रहा. इतने दिन पूछा नहीं. आज जा रहा हूँ तो पूछ रहा हूँ. तेरे को नहीं जाना था ना?"

दयाराम त्याच्याकडं पाहत होता. त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता, नुसतं हो ऐकायचं होतं. नरेशला दोनच उत्तरं देता येत होती. एक खरं होतं. ते असं की मी तुला लबाड समजलो. तू माझ्यासाठी नाही, बायकोसाठी आपला सांधा मोडलास असं समजलो. आणि आजवर तसंच समजत होतो. हे ऐकून दयाराम पारादीपला गेला असता आणि आयुष्यभर ते घेऊन राहिला असता. आणि हे बोलल्यानं गुजरात काही परत येणार नव्हतं.

"नाही," नरेश म्हणाला. "मले जायचंच नव्हतं. मायले सोडून कुठं जाऊ."

दयारामनं सुस्कारा टाकला. खांद्यावरचं ओझं उतरवावं तसा तो मोकळा झाला. "मेरे को पता था," तो म्हणाला, आणि हसून नरेशच्या गुडघ्यावर थाप मारली. मग तो दोन भाकरी जास्त जेवला, पारादीपच्या क्वार्टरबद्दल बोलला, पोरीचं नाव ठेवायचं राहिलंय म्हणाला. निघताना रुक्माबाईंच्या पायाला हात लावला. गल्लीच्या टोकाला वळताना त्यानं सायकलवरून हात केला. नऊ वर्षांची जोडी अशी मोडली, आणि मोडताना दोघांनी एकमेकांना चांगलंच म्हटलं.

नरेश दार लावून वळला तर माय समोर उभी होती. परात आवरताना हाताला पीठ लागलेलं. तिचं तोंड वाकडं झालं होतं, जसं फार आनंदात किंवा फार दुःखात होतं.

"मी ऐकलं," ती म्हणाली. "मी आतून सगळं ऐकलं. माझ्यासाठी राहिला तू? एवढी बोलणी खाल्ली, लोकांनी नापास म्हटलं, अन् एका शब्दानं नाही बोलला?"

"माय, तसं नाही..."

"आता काही नको सांगू." तिनं पिठाचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि रडायला लागली. त्यानं मायला इतकं सुखानं रडताना कधी पाहिलं नव्हतं, बहिणीच्या लग्नातही नाही.

खाटेजवळ देवाजी उभे होते. मघाशी पाय धुऊन आत येताना त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी पोराकडं पाहिलं आणि त्यांची मान पुन्हा पूर्वीसारखी वर झाली. "मले सांगायचं होतं ना बे," एवढंच ते म्हणाले, पण चिडून नाही. मग खाटेवर बसून त्यांनी चष्मा लावला आणि फोन काढला.

"कोणाले लावून राहिले बाबा?"

"आनंदरावले. सहा महिने झाले, माझ्या पोराले काम येत नाही असं ऐकून राहिलो मी."

"बाबा, राहू द्या."

"कावून राहू द्या?"

फोन लागला होता. स्पीकरवर समुद्राच्या वाऱ्याचा आवाज येत होता, आणि लोखंडावर काहीतरी आपटल्याचा.

"जय भीम, आनंदराव. देवाजी बोलून राहिलो. ते नरेशचं सांगायचं होतं जी. पोट्टा फेल नव्हता झाला. त्याच्या हाताची चूक नव्हती ते. मायसाठी राहिला तो. त्याले यायचंच नव्हतं, म्हणून त्यानं तसं केलं. तुमच्या शब्दाले बट्टा लागला त्याची माफी मागतो, पण माझ्या पोराले काम येते."

आनंदराव आडोशाला गेले असावेत, वाऱ्याचा आवाज कमी झाला.

"असं हाये होय," आनंदराव म्हणाले. "मले वाटलंच होतं. असा हात चुकत नाही. बरं झालं तुमी फोन केला देवाजीभाऊ. डिसेंबरात पुन्हा टेस्ट हाये. साहेबाच्या हातापाया पडून मी त्याचं नाव पुन्हा टाकलं होतं, फिटर इथला देत होतो. उद्या कळवणारच होतो. पण त्याच्या मनात नाही, तर मंग कशाले. काढून टाकतो."

देवाजींनी वर पाहिलं. नरेश दोन पावलं पुढं आला होता. फोन बाबांच्या हातात होता, स्पीकर चालू होता, एक शब्द बोलला असता तर तिकडं ऐकू गेला असता. मायनं त्याचा दंड धरला होता. तिच्या हाताचं पीठ त्याच्या बाहीला लागलं होतं, आणि ती त्याच्याकडं अशी पाहत होती, की तिला जगात दुसरं काही नको होतं. नरेशनं तोंड उघडलं. मग मिटलं.

"काढू ना मंग?" आनंदरावांनी विचारलं.

देवाजी पोराच्या तोंडाकडं पाहत राहिले. पोरगा काहीच बोलेना, तेव्हा ते फोनकडं वळले.

"काढा जी," ते म्हणाले.